दात आणि नखे वाचणारा सर्जन

लंडनमधील मूरफिल्ड्सच्या डोळ्यांच्या रुग्णालयात 1850 च्या दशकात एका विशिष्ट तक्रारीची मुले सतत येत असत. वय साधारण पाच ते पंधरा. बुबुळावरचा पारदर्शक पडदा हळूहळू धुरकट होत जाई. उजेड सहन होत नसे, डोळ्यांतून पाणी वाहत राही. आधी एक डोळा, मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरा. हा गंडमाळेच्या प्रकृतीचा परिणाम आहे असे त्या वेळचे डॉक्टर मानत. शक्तिवर्धक औषध, हवापालट, चांगले अन्न असा सल्ला देऊन मुलाला घरी पाठवले जाई.

तिथे काम करणारा एक तरुण सर्जन मात्र डोळा तपासून झाला की मुलाला तोंड उघडायला सांगे. डोळ्यांच्या दवाखान्यात दात कशाला पाहायचे, असा प्रश्न पालकांना पडत असणार. पण त्या मुलांच्या वरच्या जबड्यातील पुढचे दोन दात पुन्हा पुन्हा सारखेच दिसत होते. आखूड, मुळाशी रुंद, टोकाकडे निमुळते आणि खालच्या कडेला मधोमध अर्धचंद्रासारखी खाच. त्या खाचेतून एका जुन्या, घराघरात लपवल्या जाणाऱ्या आजाराचा माग लागला. त्या सर्जनचे नाव जोनाथन हचिन्सन. आज दीडशे वर्षांनंतरही दंतवैद्यकाच्या पुस्तकात त्यांच्या नावाचे दात आहेत आणि त्वचारोगाच्या पुस्तकात नखावरची त्यांच्या नावाची खूण आहे.

सेल्बी ते लंडन

हचिन्सन यांचा जन्म 23 जुलै 1828 रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या सेल्बी या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. साधी राहणी, कमी बोलणे आणि कामात सचोटी ही त्या पंथाची शिकवण. बारा भावंडांतले ते दुसरे. वडिलांचा जवसाच्या तागाचा व्यापार होता. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना यॉर्क शहरातील कॅलेब विल्यम्स या डॉक्टरांकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. वैद्यकीचे शिक्षण तेव्हा बरेचसे असेच होई. गुरूच्या हाताखाली औषधे कुटायची, जखमा बांधायच्या, रोग्यांच्या घरी सोबत जायचे आणि पाहून शिकायचे.

पुढे ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात आले. तिथे त्यांना जेम्स पॅजेट यांच्यासारखा शिक्षक मिळाला. पॅजेट हे सर्जन असले, तरी कापण्याआधी नीट पाहण्यावर त्यांचा भर असे. 1850 मध्ये हचिन्सन सर्जन म्हणून पात्र ठरले. हातात पैसा फारसा नव्हता. त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांसाठी लिहायला सुरुवात केली. निरनिराळ्या रुग्णालयांत फिरायचे, वेगळी वाटणारी प्रकरणे टिपायची आणि छापायची, हे काम त्यांनी पोटासाठी केले खरे, पण त्यातून त्यांची नजर घडत गेली. जे लिहायचे ते आधी नीट पाहावे लागते.

पुढची अनेक वर्षे ते एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी काम करत राहिले. लंडन हॉस्पिटलमध्ये सर्जन, मूरफिल्ड्सला डोळ्यांचे डॉक्टर, ब्लॅकफ्रायर्सच्या रुग्णालयात त्वचारोगाचे, लॉक हॉस्पिटलमध्ये गुप्तरोगांचे. आज एका डॉक्टरने इतक्या शाखा सांभाळणे शक्य नाही. तेव्हाही ते विरळच होते. याचा फायदा असा झाला की, डोळ्यांच्या दवाखान्यात पाहिलेले मूल आणि गुप्तरोगाच्या दवाखान्यात पाहिलेला बाप यांची सांगड एकाच माणसाच्या डोक्यात बसू शकली.

खाच पडलेले दात

सिफिलिस, म्हणजे उपदंश, हा आजार त्या काळी युरोपात सर्वत्र होता आणि त्याबद्दल कुणी उघड बोलत नसे. गर्भवतीला तो असेल तर जंतू नाळेतून बाळापर्यंत पोहोचतात. अनेकदा गर्भ पोटातच दगावतो किंवा मूल जन्मतःच आजारी असते. पण काही मुले वरवर धडधाकट दिसत मोठी होतात आणि आजार वर्षानुवर्षे दबा धरून राहतो. पाच-दहा वर्षांनी डोळे धुरकट झाले, की त्याचा संबंध जन्माआधीच्या संसर्गाशी कोण लावणार?

हचिन्सन यांनी तो लावला. ते पालकांना वेगळे बसवून घरातल्या आधीच्या बाळंतपणांची, दगावलेल्या भावंडांची, वडिलांच्या जुन्या आजाराची चौकशी करत. मुलाची त्वचा, ओठांच्या कडेचे जुने व्रण, नाकाची ठेवण, ऐकू येते की नाही, सारे टिपत. एकामागून एक प्रकरणे जमू लागली. डोळ्यांचा धुरकटपणा, आतल्या कानाच्या बिघाडाने येणारा बहिरेपणा आणि खाच पडलेले दात ही तीन लक्षणे एकमेकांच्या सोबतीने येतात, हे त्यांनी दाखवले. 1863 मध्ये या विषयावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ही तीन लक्षणे आजही हचिन्सन यांची त्रयी म्हणून शिकवली जातात.

दातच का, याचे उत्तर दातांच्या जडणघडणीत आहे. पटाशीचे कायमचे दात साधारण सहाव्या ते आठव्या वर्षी हिरडीतून बाहेर येतात, पण त्यांची घडण फार आधी सुरू होते. दाताचा अंकुर बाळ पोटात असतानाच तयार होतो आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्यावर एनॅमलचा थर बसू लागतो. याच काळात जंतूंनी अंकुराला सूज आणली तर एनॅमल घडवणाऱ्या पेशींचे काम बिघडते. दाताच्या कडेचा मधला भाग नीट तयारच होत नाही. पटाशीसारखा सपाट होण्याऐवजी दात खुंटीसारखा होतो. पहिली कायमची दाढही याच सुमारास घडत असल्याने तिच्या माथ्यावर तुतीच्या फळासारखे गोळे दिसतात. दुधाच्या दातांचा बराचसा भाग त्याआधीच घडून गेलेला असतो, म्हणून ते बहुधा सुटतात.

हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते. एनॅमल मात्र एकदा घडले की पुन्हा घडत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. त्यामुळे तान्हेपणीच्या आजाराची नोंद दातावर कायमची राहते. ही नोंद वाचता येते हे हचिन्सन यांनी डॉक्टरांना शिकवले. तेही सिफिलिसचा जंतू सापडण्याच्या कितीतरी आधी. तो जंतू 1905 मध्ये जर्मनीत सापडला आणि रक्ताची तपासणी त्याच्या पुढच्या वर्षी आली.

भरण्याआधी विचारावे

हचिन्सन यांच्या काळात अशा दातांसाठी फारसे काही करता येत नसे. किडलेल्या दातात सोन्याचा पातळ पत्रा ठोकून भरणे किंवा पारा आणि चांदीचे मिश्रण भरणे एवढेच दंतवैद्याच्या हाती होते. त्यासाठी निरोगी दातही बराच कोरावा लागे. पुढच्या दातावरची खाच भरून त्याला मूळचे रूप देणे ही कल्पना तेव्हा दूरच होती. शिवाय आजारावर पारा देण्याची पद्धत होती. तो जास्त झाला की हिरड्या सुजत, लाळ गळे, दात हलू लागत. पाऱ्याने बिघडलेले दात आणि सिफिलिसने बिघडलेले दात यांतला फरकही हचिन्सन यांनी सांगून ठेवला आहे.

आज चित्र पूर्ण बदलले आहे. 1955 मध्ये मायकेल ब्युओनोकोर या अमेरिकी दंतवैद्याने सौम्य आम्ल लावून एनॅमल खरखरीत करण्याची युक्ती शोधली. त्या सूक्ष्म खळग्यांत राळेसारखा चिकट पदार्थ घट्ट बसतो. त्यावर दाताच्याच रंगाचे कॉम्पोझिट थराथराने लावायचे, प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करायचा आणि शेवटी आकार देऊन घासून गुळगुळीत करायचा. फारसे न कोरता खाच एका बैठकीत भरते. दात जास्तच खराब असेल तर चिनी मातीचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हेनिअर, किंवा संपूर्ण टोपी बसवता येते. मुलांमध्ये मात्र हिरडीची पातळी वयाबरोबर बदलते, म्हणून टोपीची घाई न करता आधी कॉम्पोझिटवर काम भागवले जाते.

सोय झाली तशी एक जोखीमही आली. खाच दिसली, भरली आणि विसरली, असे होऊ शकते. पुढच्या दातावरची प्रत्येक खाच सिफिलिसची नसते, किंबहुना आज ती क्वचितच तशी असते. दातांनी दोरा तोडण्याची शिंप्याची सवय, केसांच्या पिना दातांनी उघडणे, बिया फोडणे, लहानपणी पडून तुटलेला कोपरा यांनीही खाच पडते. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत भूजलात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत दातांवर पांढरे-तपकिरी डाग आणि खड्डे दिसतात. त्याचे कारण पाणी असते. तान्हेपणीचा मोठा आजार किंवा कुपोषणही एनॅमलवर रेघा उमटवते. कारण वेगळे तसा उपायही वेगळा. दोरा तोडण्याची सवय सुटली नाही तर भरलेला भाग पुन्हा निघतो. पाणी बदलले नाही तर धाकट्या भावंडाचे दातही तसेच येतात. आणि दाताचा आकार हचिन्सन यांनी सांगितलेल्यासारखा असेल तर मुलाचे डोळे, कान आणि आईचे रक्त तपासावे लागते.

हा आजार टाळणे आता सोपे आहे. गरोदरपणात करायच्या रक्ततपासण्यांत सिफिलिसची तपासणी असतेच. वेळेवर दिलेले पेनिसिलिन नाळेतून बाळापर्यंत पोहोचते आणि दोघांनाही बरे करते. हचिन्सन यांच्या दवाखान्यातली ती मुले अंधत्व आणि बहिरेपणाच्या सावलीत जगली. आज एक मूलही तसे जन्मू नये यासाठी लागणारे ज्ञान आणि औषध दोन्ही उपलब्ध आहे. फक्त तपासणी चुकवू नये.

काळे नखुरडे

दातांवरच्या कामाने नाव झाल्यावरही हचिन्सन यांचे पाहणे थांबले नाही. 1886 मध्ये त्यांनी नखांच्या एका आजाराकडे लक्ष वेधले. काही रोग्यांना नखाच्या कडेला सूज येई, ओल येई, कातडी सोलवटे. नखुरडे झाले असे समजून पोटीस बांधले जाई, चिरा दिला जाई. पण ते बरे होत नसे. महिने उलटत, मग काखेत किंवा जांघेत गाठी येत आणि रोगी दगावत असे. हे नखुरडे नसून नखाच्या मुळाशी उगवलेला काळा कर्करोग आहे, हे हचिन्सन यांनी ओळखले. आज त्याला मेलानोमा म्हणतात.

त्यांचे निरीक्षण नेमके होते. या कर्करोगाला काळा म्हणत असले तरी प्रत्यक्षात तो अनेकदा काळा नसतो. मधला भाग लालसर किंवा कातडीच्याच रंगाचा असतो आणि फक्त कडेला, नखाभोवतीच्या त्वचेवर, काळपट छटेची बारीक किनार दिसते. ती किनार हीच खूण. नखातला रंग नखाची हद्द ओलांडून भोवतालच्या कातडीवर पसरू लागला तर सावध व्हावे, या इशाऱ्याला आज हचिन्सन यांची खूण म्हणतात.

यामागचे कारण असे. नख म्हणजे मृत पेशींचा टणक पापुद्रा. तो बनतो कातडीखाली दडलेल्या मुळाशी. तिथे त्वचेला रंग देणाऱ्या पेशीही असतात. त्या पेशी एका ठिकाणी जास्त काम करू लागल्या की मुळापासून टोकापर्यंत तपकिरी किंवा काळी उभी रेघ उमटते. नुसते जास्त काम असेल तर रेघ निरुपद्रवी. पण त्याच पेशी कर्करोगाच्या झाल्या तर त्या नखाखाली थांबत नाहीत. त्या शेजारच्या कातडीत शिरतात आणि रंग बाहेर दिसू लागतो.

आपल्या नखांवरच्या रेघा

हे वाचून लगेच घाबरण्याचे कारण नाही. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या माणसांत नखांवर उभ्या तपकिरी रेघा अगदी सर्रास दिसतात. वयाबरोबर त्या वाढतात आणि बहुधा एकापेक्षा जास्त बोटांवर असतात. गरोदरपणात, ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेत, काही औषधांमुळे, बुरशीच्या संसर्गाने, घट्ट चपला-बुटांच्या सततच्या घर्षणानेही नखे काळवंडतात. लहान मुलांच्या नखावरची रेघ बहुतेक वेळा तिळासारखीच निरुपद्रवी असते. मेंदीचा किंवा रंगाचा डाग तर वरवरचा असतो. तो मुळाशी नसतो आणि नख वाढेल तसा टोकाकडे सरकतो.

नखाखाली साकळलेले रक्त हा सर्वांत जास्त गोंधळ घालणारा प्रकार. बोट दारात सापडले, पायावर वरवंटा पडला, की नख काळेनिळे होते. याची परीक्षा घरीही करता येते. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. डागाच्या कडेची जागा लक्षात ठेवावी किंवा फोटो काढून ठेवावा. रक्त असेल तर महिन्या-दोन महिन्यांत डाग टोकाकडे सरकतो आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागते. रेघ मुळापासूनच येत राहिली तर ती रक्ताची नाही.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्याच्या खुणा थोडक्यात अशा. पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर एकाच बोटावर नव्याने उमटलेली रेघ. हाताचा किंवा पायाचा अंगठा. 3 मिलिमीटरहून जास्त रुंदी. थोड्या काळात रुंद होत जाणारी, मुळाशी जाड आणि टोकाकडे बारीक अशी रेघ. एकाच रेघेत वेगवेगळ्या छटा. नख चिरणे, उचलणे, त्याखालून रक्त येणे. घरात कुणाला मेलानोमा झालेला असणे. आणि हचिन्सन यांची खूण, म्हणजे नखाच्या मुळाशी, कडेला किंवा बोटाच्या टोकावर पसरलेला रंग. यात एक बारकावा आहे. नखाच्या मुळावरची कातडी पातळ असेल तर खालचा रंग आरपार दिसतो आणि खूण आहे असा भास होतो. म्हणून शेवटचा निर्णय डॉक्टरांच्या डर्मोस्कोपने, म्हणजे प्रकाश असलेल्या भिंगाने पाहून आणि गरज पडल्यास मुळाचा छोटा तुकडा तपासून घ्यायचा असतो.

भारतीयांसारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत मेलानोमा एकूण कमी आढळतो. पण जो आढळतो त्यात तळपाय, तळहात आणि नखे यांचा वाटा मोठा असतो आणि नेमक्या तिथेच तो उशिरा कळतो. जमैकाचे प्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याचे दुखणे सुरुवातीला फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीचे वाटले होते. 1977 मध्ये तो नखाखालचा मेलानोमा असल्याचे निष्पन्न झाले आणि 1981 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. हचिन्सन यांनी इशारा देऊन तेव्हा जवळपास शंभर वर्षे होत आली होती. लवकर सापडलेला हा कर्करोग शस्त्रक्रियेने काढून टाकता येतो. उशीर झाला की तो गाठींत, फुप्फुसांत, मेंदूत पसरतो.

चित्रांचे भांडार

हचिन्सन यांच्या नावाच्या खुणा एवढ्यावर संपत नाहीत. नागीण कपाळावर उठली आणि तिचे फोड नाकाच्या शेंड्यावर आले तर डोळ्याला धोका आहे, हे त्यांनी सांगितले. ही खूणही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कोवळ्या वयात म्हातारपणाची कळा आणणाऱ्या प्रोजेरिया या दुर्मीळ आजाराचे पहिले वर्णन त्यांनी 1886 मध्येच केले. वर्षानुवर्षे औषध म्हणून आर्सेनिक घेणाऱ्यांच्या तळहातांवर घट्टे येतात आणि त्यांतून कर्करोग होऊ शकतो, हेही त्यांच्या लक्षात आले होते. आतड्यात आतडे शिरून अडकलेल्या लहान मुलावर 1871 मध्ये त्यांनी यशस्वी शस्त्रक्रिया केली. तेव्हा असे मूल वाचणे हीच बातमी होती.

छायाचित्रण बाल्यावस्थेत असताना त्यांनी चित्रकारांकडून रोग्यांच्या त्वचेची, दातांची, नखांची रंगीत चित्रे काढून घेतली. त्यांचा संग्रह प्रचंड झाला. लंडनमध्ये त्यांनी स्वतःचे वैद्यकीय संग्रहालय उभारले. पुढे डॉक्टर झाल्यानंतरच्या शिक्षणासाठी संस्था काढण्यात पुढाकार घेतला. तिथे खरे रोगी समोर बसवून शिकवले जाई. 1889 मध्ये ते इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्ष झाले. सामान्य माणसासाठी त्यांनी सरे परगण्यातल्या हेझलमिअर या गावी 1888 मध्ये निसर्ग आणि इतिहासाचे संग्रहालय सुरू केले. ते आजही चालू आहे. सुटीच्या दिवशी ते स्वतः तिथे गावकऱ्यांना व्याख्याने देत.

जिथे नजर चुकली

इतक्या तीक्ष्ण नजरेचा हा माणूस एका बाबतीत मात्र आयुष्यभर चुकत राहिला. कुष्ठरोग नीट न खारवलेले, कुजके मासे खाल्ल्याने होतो, असे त्यांचे ठाम मत होते. नॉर्वेच्या किनाऱ्यावर कुष्ठरोग होता आणि तिथले लोक मासे खात, यावरून ही कल्पना त्यांच्या मनात रुजली. 1873 मध्ये नॉर्वेच्याच आर्मावर हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू दाखवला. हचिन्सन यांनी जंतू नाकारला नाही, पण तो माशांतून पोटात जातो असे म्हणत आपले मत टिकवले.

ते सिद्ध करण्यासाठी सत्तरी ओलांडल्यावर ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि त्यानंतर भारतात आले. इथे त्यांच्या सिद्धान्ताची कसोटी लागली. भारतात मासे न खाणाऱ्यांनाही कुष्ठरोग होत होता. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांतही रोगी होते. दुसऱ्या कुणी हा पुरावा मांडला असता तर हचिन्सन यांनी तो नक्कीच गंभीरपणे घेतला असता. स्वतःच्या मतावर वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी वाटा शोधल्या. कुणी चोरून मासे खाल्ले असतील, किंवा रोग्याच्या हातचे अन्न खाल्ल्याने जंतू पोटात गेला असेल. 1906 मध्ये त्यांनी कुष्ठरोग आणि मत्स्याहार यांवर पुस्तकच लिहिले. वैद्यकीय जगाने ते मानले नाही. हा रोग मुख्यतः उपचार न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ सहवासात, नाकातोंडातून उडणाऱ्या तुषारांमार्फत पसरतो हे आज मान्य आहे. बहुविध औषधोपचारांनी तो पूर्ण बराही होतो.

दातांच्या बाबतीत आणि माशांच्या बाबतीत एकच माणूस इतका वेगळा का वागला? दातांपाशी त्यांनी आधी शेकडो तोंडे पाहिली आणि मग मत बनवले. माशांपाशी मत आधी बनले आणि मग ते पुरावा शोधत जगभर फिरले. कोणत्याही डॉक्टरने आणि कोणत्याही रोग्याने लक्षात ठेवावा असा हा फरक आहे. नखावरचा डाग मार लागल्यानेच झाला असेल, दाताची खाच जन्मापासूनच असेल, अशी समजूत आपणही आधी करून घेतो आणि मग पाहायचे सोडून देतो.

हचिन्सन यांना 1908 मध्ये सर हा किताब मिळाला. जून 1913 मध्ये वयाच्या 84 व्या वर्षी हेझलमिअर येथे त्यांचे निधन झाले. मासे आणि कुष्ठरोगाचा सिद्धान्त त्यांच्यासोबतच संपला. त्यांनी शिकवलेले पाहणे मात्र उरले. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो दिवसाचा उजेड आणि दोन मिनिटांची सवड. नवे नेलपॉलिश लावण्याआधी जुने पुसून, हातापायांची वीसही नखे एकदा नीट पाहावीत. मुलांचे कायमचे दात आले की त्यांच्या कडा पाहाव्यात. काही वेगळे दिसले तर ते झाकण्याआधी, भरण्याआधी किंवा रंगवण्याआधी ते का झाले हे डॉक्टरांना विचारावे.